जॅकवर उभी असलेली गाडी

पुण्याहून सोलापूरकडे जाताना चौफुल्याला डावीकडे वळले की थोड्याच अंतरावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेले असेल. आजूबाजूला ऊस, मधूनमधून गुऱ्हाळे आणि पायाखाली भीमेच्या खोऱ्यातली काळी माती. या मातीला आजच्या पाठात महत्त्वाचे काम आहे, म्हणून तिची ओळख आधीच करून ठेवली.

माझ्या मेहुण्यांचे घर तिथे आहे. काही वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या ओम्नी गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी खडखड आवाज येत होता. पाट्याचा रबरी बुश झिजला असणार, असे त्यांनी निदान केले आणि तेवढ्यासाठी गॅरेजला कशाला जायचे, म्हणून अंगणातच गाडी उचलली. गाडीबरोबर मिळालेला जॅक मातीवर ठेवला, चाक काढले. "दाजी, वाकून बघा जरा, आतला नट दिसतोय का," असे ते म्हणाले आणि मी दोन्ही हात आत घालून वाकलो. नववीत शिकणाऱ्या भाच्याने काढलेले चाक पायात येते म्हणून उचलून गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून दिले होते. मिनिटभराने जॅक एका बाजूने मातीत रुतला, कलला आणि गाडी धाडकन खाली आली ती त्या चाकावर. माझे हात तेवढ्याने वाचले. त्या मुलाने चाक तिथे योगायोगाने ठेवले होते. मी मात्र वीस वर्षे पास्कलचा नियम शिकवत होतो, आणि त्या दिवशी जॅकखालच्या मातीकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते.

त्या रात्री कागद घेऊन बसलो आणि जे गणित आधी करायला हवे होते ते नंतर केले. तेच आता आपण मिळून करू.

प्रथम प्रश्न असा, की जॅकवर भार येतो तरी किती? रिकामी ओम्नी सुमारे ८०० किलोग्रॅमची असते. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्यामुळे पुढची बाजू जड. समजा, पुढच्या दोन चाकांवर मिळून ४३० आणि मागच्या दोन चाकांवर ३७० किलोग्रॅम-भार आहे. म्हणजे मागच्या एका चाकाच्या वाट्याला १८५. पण जॅक चाकाखाली लावत नाहीत. तो चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या कडेला लावतात. पुढचे चाक हा टेकू मानून गाडीकडे एक लांब तरफ म्हणून पहा. पुढच्या व मागच्या चाकांत १८४ सेंटिमीटर अंतर आहे. जॅक पुढच्या चाकापासून १४० सेंटिमीटरवर लावला, तर तरफेच्या नियमाने त्यावरचा भार १८५ × १८४ ÷ १४०, म्हणजे सुमारे २४३ किलोग्रॅम-भार येतो. जॅक जितका चाकापासून मधल्या बाजूला, तितका भार अधिक. आपण सोयीसाठी २५० धरू. मागे पोती किंवा दुधाचे कॅन असतील तर हा आकडा आणखी वाढेल; म्हणून गाडी रिकामी करून मगच उचलावी.

आता एवढे ओझे एका हाताने कसे उचलते ते पाहू. एक काटकोनी त्रिकोण कागदातून कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती वेटोळे घेत वर चढेल. हेच मळसूत्र. घाटातला रस्ता जसा डोंगराभोवती फिरत चढतो, तशी ही खांबाभोवती गुंडाळलेली उतरण असते. सरळ उभ्या मळसूत्राच्या एका जॅकचे दोन आट्यांमधले अंतर ५ मिलिमीटर आणि फिरवायचा दांडा २५ सेंटिमीटर लांब आहे असे समजा. दांड्याच्या एका फेऱ्यात तुमचा हात २ × ३.१४ × २५, म्हणजे १५७ सेंटिमीटर फिरतो. ओझे मात्र अर्धा सेंटिमीटरच वर जाते. वेग-गुणोत्तर ३१४ झाले. घर्षण नसते तर २५० किलोग्रॅम-भार उचलायला ०.८ किलोग्रॅम-भार पुरला असता. प्रत्यक्षात त्याच्या चौपट, म्हणजे तीन-सव्वातीन लागतो, कारण अशा जॅकची कार्यक्षमता साधारण २५ टक्केच असते.

पंचवीस टक्के! परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण नापास होऊ. पण जॅकचा हा दोष नव्हे, गुण आहे. तो कसा ते नीट समजून घ्या, कारण वर्गात हा भाग बहुधा घाईने उरकला जातो.

एक फेरा देताना तुम्ही १०० एकक काम केले असे माना. त्यातले २५ ओझे वर चढवण्यात गेले आणि ७५ आट्यांमधल्या घर्षणात. आता दांडा सोडून द्या. ओझे खाली येऊ पाहील. तेवढेच अंतर खाली येताना ते फार तर २५ एकक काम देऊ शकते. आणि मळसूत्र उलटे फिरवायला घर्षण जवळजवळ ७५ एकक मागते. जमा पंचवीस, खर्च पंच्याहत्तर. व्यवहार होतच नाही. ओझे जागच्या जागी राहते. कार्यक्षमता ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मळसूत्र आपोआप मागे फिरत नाही, हा नियम यातूनच निघतो. उद्या कोणी ८० टक्के कार्यक्षमतेचा मळसूत्री जॅक बनवला, तर दांडा सोडताच तो गरगर फिरून गाडी खाली आणून ठेवील.

हेच दुसऱ्या तऱ्हेने दाखवता येते. एका फळीवर लाकडी ठोकळा ठेवून फळी हळूहळू तिरपी करा. काही कोनापर्यंत ठोकळा जागचा हलत नाही. आपल्या मळसूत्राचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर असेल, तर परीघ सुमारे ७८ मिलिमीटर आणि चढ ५ मिलिमीटर. म्हणजे उतरणीचा कोन फक्त साडेतीन अंशांच्या आसपास येतो. वंगण लावलेल्या लोखंडावर लोखंड घसरायला सहा-सात अंशांचा उतार लागतो. म्हणून ते घसरत नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या कैची जॅकमध्ये मळसूत्र आडवे असते आणि यांत्रिक फायदा उंचीप्रमाणे बदलतो. जॅक पूर्ण मिटलेला असताना दांडा सर्वांत जड लागतो, हा अनुभव तुम्हीही घेऊ शकाल.

गॅरेजमध्ये बहुधा तेलाचा बॉटल जॅक असतो. त्याचे मूळ पास्कलच्या नियमात आहे. पास्कलचा द्रवांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला, आणि त्या तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रॅमा या इंग्रज कारागिराने १७९५ मध्ये घेतले. सव्वाशेहून अधिक वर्षे नियम पुस्तकात होता. अडचण होती ती दट्ट्याच्या कडेने पाणी गळू न देण्याची. ती अडचण पुरती सुटलेली नाही, आणि आपल्या सुरक्षिततेचा प्रश्न नेमका तिथेच आहे.

समजा, जॅकच्या मोठ्या दट्ट्याचा व्यास ३ सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. त्यावर २५० किलोग्रॅम-भार आला, तर तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोग्रॅम-भार झाला. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब सुमारे २ असतो. हा त्याच्या सतराअठरा पट आहे. एवढ्या दाबाचे तेल एक रबरी कडे आणि झडपेची एक छोटी गोळी अडवून धरते. आता गाडी एक सेंटिमीटर खाली यायला किती तेल निसटावे लागेल? फक्त ७ घन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम दीड चमचा. रबर जुने झाले, झडपेत कचऱ्याचा कण अडकला, की हे दीड चमचे निसटायला वेळ लागत नाही. मळसूत्राला जसे घर्षण राखणदार असते तसे इथे कोणी नाही. म्हणून जॅक कोणताही असो, तो उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. उचलून झाल्यावर ओझे लोखंडी स्टँडवर उतरवायचे आणि मगच खाली वाकायचे.

स्टँड नसेल तर? बहुतेक घरी नसतोच. मग लोक विटा रचतात. त्यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, विटेवर आख्खे घर उभे राहते, मग गाडी का नको?" प्रश्न रास्त आहे. भाजलेल्या साध्या विटेची दाब सहन करण्याची शक्ती कमीत कमी दर चौरस सेंटिमीटरला ३५ किलोग्रॅम-भार धरली, तरी २३ × ११ सेंटिमीटरची सबंध वीट साडेआठ टनांपेक्षा अधिक भार पेलेल. पण केव्हा? भार सबंध पृष्ठभागावर सारखा पडला तर. भिंतीत विटांमध्ये चुना किंवा सिमेंटचा थर असतो तो याचसाठी. गाडीची लोखंडी कड मात्र विटेच्या दोन चौरस सेंटिमीटरवर टेकते. २५० भागिले २, म्हणजे १२५. शिवाय वीट ताण सहन करत नाही. जरा वाकली की न कुरकुरता एकदम दुभंगते. जाड बाभळीचा ठोकळा दबतो, करकरतो, तंतू चिरू लागले तर आवाज करतो. तो निदान सूचना देतो. सिमेंटचे पोकळ ठोकळे तर विटेहूनही वाईट.

आता त्या काळ्या मातीकडे येऊ. जॅकचा तळ १० × १० सेंटिमीटरचा, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरचा. त्यावर २५० किलोग्रॅम-भार. मातीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २.५ किलोग्रॅम-भार झाला. साठ किलोग्रॅमचा माणूस दोन पायांवर उभा असतो तेव्हा तळपायांचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब ०.२ येतो. म्हणजे "मी उभा राहून पाहिले, जमीन घट्ट आहे" या परीक्षेला काही अर्थ नाही. जॅक त्याच्या बारा पट दाब देतो. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी मिळाले की तिच्यातले चिकणमातीचे बारीक पापुद्रे पाणी आत घेतात, माती फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. आमच्या वेळी वरचा पापुद्रा उन्हाने सुकला होता. खाली सगळी ओल होती. शेजारच्या उसाला आदल्या दिवशी पाणी सुटले होते, हेही नंतर आठवले.

उपाय साधा आहे. जॅकखाली ३० × ३० सेंटिमीटरची फळी ठेवा. क्षेत्रफळ ९०० झाले, दाब ०.२८ वर आला. म्हणजे जवळजवळ माणसाच्या पायाइतका. फळी मात्र जाड हवी, निदान दोन बोटे. पातळ फळी वाकते, कडा वर उचलल्या जातात आणि भार पुन्हा मधल्या भागावरच राहतो. पंचाहत्तर पैशांचे काम आणि रुपयाची फळी, असे माझे मेहुणे त्या वेळी म्हणाले असते. आता त्यांच्या गाडीत आसनामागे एक फळी कायम असते.

जॅक रुतला नाही तरी कलू शकतो. त्याच्या तळाची अर्धी रुंदी ५ सेंटिमीटर. त्याचे डोके बाजूला ५ सेंटिमीटर सरकले, की भाराची रेषा तळाच्या बाहेर पडते आणि जॅक आडवा होतो. गाडी इतकी सरकायला चाक किती फिरावे लागेल? ओम्नीच्या चाकाचा परीघ सुमारे १६८ सेंटिमीटर आहे. म्हणजे फेऱ्याचा चौतिसावा भाग, फक्त ११ अंश. वीस मीटरला एक मीटर असा साधा उतार असला, तरी ८०० किलोग्रॅमची गाडी ४० किलोग्रॅम-भाराने खाली ओढली जाते. एवढ्या उताराला आपण अंगणात उतार म्हणतही नाही.

आणि मित्रहो, जमीन सपाट असली तरी डोके सरकतेच. गाडीची एक बाजू उचलताना ती पलीकडच्या चाकांभोवती दारासारखी फिरते. जॅकचे टोक सरळ वर न जाता वर्तुळाच्या कंसावर जाते. जॅक पलीकडच्या चाकापासून १२० सेंटिमीटरवर आणि टेकण्याची जागा जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच आहे असे माना. बाजू १५ सेंटिमीटर उचलली, की गाडी सुमारे ७ अंश कलते आणि ती जागा गाडीच्या आतल्या बाजूस साडेतीन सेंटिमीटर सरकते. (स्प्रिंगांचा हिशेब मी सोडून दिला आहे, दहावीच्या विद्यार्थ्यांनी आकृती काढून हा आकडा पडताळावा.) पाचपैकी साडेतीन खर्च! उरले दीड. म्हणून चाक जमिनीपासून सुटण्यापुरतेच उचलावे, मधूनमधून थांबून जॅक कललेला तर नाही ना हे दुरून पाहावे, आणि कललेला दिसला तर गाडी खाली घेऊन जॅक पुन्हा सरळ लावावा. हातोडीने ठोकून सरळ करू नये.

"पण गाडी गिअरमध्ये टाकली होती," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक मागचे चाक उचलले की गिअर निरुपयोगी होतो, हे त्यांना माहीत नसते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी फिरता यावे म्हणून दोन्हींमध्ये डिफरेन्शियल नावाची दातेरी चक्रांची पेटी असते. गिअरने मधला दांडा अडवला, तरी एक चाक पुढे आणि दुसरे तितकेच मागे फिरू शकते. जमिनीवरचे चाक खुशाल घरंगळते, अधांतरी चाक उलटे फिरते. हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळा धरतो, त्यामुळे तो काम करतो; पण मागची दोन्ही चाके उचलली तर जमिनीवर उरतात ती पुढची चाके, आणि त्यांना हँडब्रेकच नाही. जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून आणि मागून दोन्हीकडून दगड किंवा लाकडी पाचर लावायची ती यासाठी. पाचर हीसुद्धा एक उतरणच आहे. चाक तिच्यावर चढू लागले की गाडी वर उचलावी लागते, आणि तेवढे बल उतारापाशी नसते.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करावेत, हे तर सायकलवालाही सांगेल. कारण एवढेच, की घट्ट बसलेला नट सोडवताना आपण पान्यावर वीस-पंचवीस किलोग्रॅम-भार देतो. चाक जमिनीवर असताना तो जोर जमीन सोसते. अधांतरी असताना तोच जोर गाडीला आणि गाडीमार्फत जॅकला बाजूला ढकलतो.

गाडी स्टँडवर उतरवल्यावर, खाली जाण्यापूर्वी, बाजूला उभे राहून तिला दोन्ही हातांनी चांगली हलवून पाहा. पडायचीच असेल तर तेव्हा पडू दे. तीन पायांचा स्टँड खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, कारण तीन बिंदूंतून नेहमी एक प्रतल जाते. चार पायांच्या स्टँडचा एक पाय हवेत राहू शकतो. जॅक काढून न टाकता हलकाच टेकलेला ठेवावा, आणि काढलेले चाक माझ्या भाच्याने ठेवले तसे कडेखाली आडवे सरकवावे. चाकाची जाडी पंधरा-वीस सेंटिमीटर असते. गाडी पडलीच तर तेवढी जागा शिल्लक राहते. एकट्याने हे काम करू नये, आणि तुम्ही शाळकरी मुलांनी तर गाडीखाली जाऊच नये. गणित बाहेर उभे राहून करता येते.

शिक्षकांसाठी एक सूचना. तुमच्या गावाजवळ उसाच्या गाड्या वजन करणारा काटा असेलच. शाळेच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या गाडीची फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन लिहून घ्या, मग फक्त मागची, आणि शेवटी सबंध गाडी. चाकांमधले अंतर मोजले की गुरुत्वमध्य कुठे आहे ते मुलांना वहीत काढता येईल. मग मागच्या बाजूला चार मुले बसवून तो किती सरकला ते पाहावे. पहिल्या दोन वजनांची बेरीज तिसऱ्याशी अगदी जुळली नाही, तर काट्याची फळी बाहेरच्या रस्त्याशी समपातळीत आहे का ते मुलांना तपासायला सांगा.